उतारावरची गाडी

गेले आठ महिने फेस्टी सपाट जमीन टाळत होता. त्याची पिकअप कायम उतारावर उभी असे. घरापुढच्या उतारावर, चर्चच्या उतारावर, पोस्टापाशी उतार जरा बेताचाच, पण भागून जाई. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसऱ्या गियरमध्ये क्लच झटक्यात सोडायचा, की डिझेलचं ते जुनं इंजिन एक आचका देऊन, काळा धूर ओकून जागं होई. नुसती किल्ली फिरवली तर खालून एकदा 'टक्' एवढाच आवाज येई. दहा वेळा फिरवली तर दहा वेळा टक्, आणि लहर लागलीच तर अकराव्या वेळी इंजिनाला धक्का देणारा स्टार्टर फिरे. ही एकट्या फेस्टीची तऱ्हा नव्हती. समुद्रकाठच्या डूरिन गावातल्या निम्म्या गाड्या अशाच चालत. देवाने दारात फुकटचा डोंगर दिलाय, मग स्टार्टर उघडून कोण बसतंय, असा त्या सगळ्या किनाऱ्याचाच खाक्या होता.

पण बाकीच्यांचे बाप मेकॅनिक नव्हते. फेस्टीचा बाप बार्ली याने चौरस्त्यावरच्या गॅरेजात चाळीस वर्षं काढली होती. चालतं इंजिन नुसतं ऐकून कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय ते तो सांगायचा, आणि मग दोन दिवस त्याची फुशारकी ऐकावी लागायची. फेब्रुवारीत त्याला झटका आला आणि डावं अंग गेलं. तेव्हापासून तो अंगणाकडच्या खिडकीशी पलंगावर पडून होता. एक्क्याऐंशी वर्षांचा, पण शंभर किलोला थोडाच कमी असा धिप्पाड गडी. मार्चमध्ये त्याने विचारलं होतं, "फेस्टी, त्या स्टार्टरचे कॉन्टॅक्ट बदललेस का रे?" फेस्टी मान वर न करता म्हणाला होता, "बदलले की." वेळ मारून नेली, बापाची कटकट टळली.

दुसरं खोटं याहून मोठं होतं. सप्टेंबरात बार्ली दोनदा पलंगावरून खाली पडला. दुसऱ्या वेळी फेस्टीला त्याला उचलता आलं नाही. बावन्न वर्षांचा बिनलग्नाचा मुलगा आणि त्याचा बाप, दोघं तासभर फरशीवर शेजारी शेजारी बसून राहिले, शेजारच्या कोलमनच्या ट्रॅक्टरचा आवाज येईपर्यंत. त्यानंतर फेस्टीने बॉस्टनमधल्या बहिणीला फोन केला आणि चर्चच्या सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमात जागा मागितली. बापाला सांगितलं, "पंधरा दिवस. जरा मालिश होईल, पाय मोकळे होतील, मग घरी." बार्ली खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बरं." सोमवारी सकाळी दहाला नर्स गाडी घेऊन येणार होती. बॅग भरून खुर्चीवर ठेवली होती.

रविवारी सकाळी बार्ली म्हणाला, "जायच्या आधी मला शिबेलकडे ने."

शिबेल म्हणजे फेस्टीची आई. ती अकरा वर्षांपूर्वी गेली आणि इनिशलार बेटावरच्या दफनभूमीत होती, डूरिनची सगळीच माणसं शेवटी तिथे जातात. बेट आणि गाव यांच्या मध्ये दीड मैलाची वाळूची पुळण. ओहोटीला कोरडी, गाडी जाते. भरतीला तिच्यावर दोन पुरुष पाणी. त्या दिवशी पुरती ओहोटी बाराला होती आणि दोननंतर त्या पुळणीवर शहाणा माणूस चाक ठेवत नसे. साडेअकराला निघायचं ठरलं होतं. पण बार्लीला दाढी हवी होती, मग टाय हवा होता, मग तो नको, निळा हवा होता. बायकोकडे निघालेला नवरा नखऱ्यात नवरदेवालाही हार जाईना. फेस्टीने त्याला खुर्चीसकट ओढत आणून गाडीत कोंबलं तेव्हा एक वाजला होता. इंजिन त्याने आधीच चालू करून ठेवलं होतं. "आतून गरम राहील," तो म्हणाला.

गावात चिटपाखरू नव्हतं. डूरिनचा संघ कधी नव्हे तो गॉलवे शहरातल्या अंतिम सामन्यात पोचला होता आणि चालतंबोलतं प्रत्येक माणूस, पाद्रीसुद्धा, दोन बसमध्ये बसून गेला होता. मोबाईल त्या किनाऱ्यावर यायला अजून दहाएक वर्षं होती.

पुळणीच्या मधोमध बुडालेल्यांचा दगड आहे. माणसाच्या छातीइतका उंच, त्याच्यावर काही लिहिलेलं नाही. भरतीने गाठलेली, होड्यांसकट गेलेली अशी त्या गावची सगळी माणसं त्या दगडाच्या नावावर आहेत. तिथे थांबायचं, टोपी काढायची आणि एकदा 'नमो मारिये' ही प्रार्थना म्हणायची. आणि इंजिन बंद करायचं. पूर्वी घोडा थांबवत, वल्ही वर घेत. इंजिनाच्या घरघरीत बुडालेल्यांना प्रार्थना ऐकू जात नाही, असं मानतात. घाईत असलेला माणूसही तिथे किल्ली फिरवतो, नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

फेस्टीने आठ महिन्यांत तिथे इंजिन बंद केलं नव्हतं. त्याने दगडाजवळ गाडी हळू केली, टोपी काढली आणि पुटपुटायला सुरुवात केली. "नमो मारिये, कृपापूर्णे..."

बार्लीने चांगला उजवा हात त्याच्या पोटावरून लांबवला आणि किल्ली फिरवली. इंजिन थरथरून गप्प झालं.

"ही काय पद्धत झाली?" बार्ली म्हणाला. "त्यांना ऐकू तरी येऊ दे."

फेस्टीच्या तोंडून पुढची प्रार्थना निघालीच नाही. त्याने आजूबाजूला बघितलं. सगळीकडे सपाट, ओली, चकाकणारी वाळू. त्याने किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. त्याने मोजायचं ठरवलं. अकराव्या वेळीही टक् आणि बाराव्या वेळीही टक्. बार्ली समोरच्या काचेतून बेटाकडे बघत होता, जणू बसथांब्यावर बसलाय.

"तू तर कॉन्टॅक्ट बदलले होतेस," बार्ली म्हणाला.

फेस्टीचे कान तापले. "नाही बदलले, बाबा. खोटं बोललो."

"हं."

"उतारावर लावत होतो."

"इथे उतार नाही," बार्ली म्हणाला.

फेस्टी हातोडी घेऊन खाली उतरला आणि चाकामागून हात घालून स्टार्टरला ठोकू लागला. ठोकायचं, पळत येऊन किल्ली फिरवायची, परत जाऊन ठोकायचं. पाचसहा खेपा झाल्या. मग त्याने लांब पाना स्टार्टरवरच्या दोन जाड बोल्टांवर आडवा टेकवला. ठिणग्या उडाल्या, स्टार्टर मोकळाच गरगरला, पण त्याच्या चाकाचा दाता इंजिनाला धरेना. मग त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि मागून खांदा लावला. दीड टन लोखंड, वर बाप, खाली ओली वाळू. गाडी एक वीत हलली आणि चाकं आणखी रुतली. त्याने हॉर्न दाबून धरला. डूरिनमधून एका कुत्र्याने उत्तर दिलं, तेवढंच.

मग त्याला पाणी दिसलं. दगड उंचवट्यावर आहे, त्यामुळे तिथे उभ्या माणसाला भरती समोरून येताना दिसत नाही. ती आधी दोन्ही बाजूंच्या चरांत शिरते. गावाकडचा चर भरला होता. त्यांच्या येतानाच्या चाकांची खूण त्याच्या काठापर्यंत येऊन नाहीशी होत होती. दोन वाजून गेले होते.

"फेस्टी," बार्लीने हाक मारली. आवाज अगदी थंड होता. "तू चालत जा. चर अजून कमरेएवढाच असेल."

"आणि तुम्ही?"

"कुणाला तरी घेऊन ये."

"कुणाला घेऊन येऊ? गावात ते एक कुत्रं आहे."

"मग नुसता जा."

फेस्टीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दार उघडलं, बापाचे दोन्ही हात गळ्यात घेतले आणि त्याला पाठीवर ओढलं. बार्लीचा डावा हात सारखा निसटत होता, तो त्याने दातात बाही धरून धरला. बेटाच्या दिशेने निघाला. वाळूत पाय घोट्यापर्यंत जात होते. पाठीत काहीतरी तापलेलं सरकतंय असं त्याला वाटलं. बापाचे पाय मागे वाळूत रेघा ओढत होते. तो आणखी थोडा गेला आणि गुडघ्यावर आला, मग तोंडावर पडला, आणि बार्ली त्याच्यावर. दोघांच्याही तोंडात वाळू गेली.

"सोड मला," बार्ली म्हणाला. "ऐक माझं. सोड."

फेस्टीने त्याला उलटा फरफटत परत आणला. जिथे पाठीवर घेतलं होतं तिथपर्यंत बसल्या बसल्या मागे सरकत, बापाला काखेतून ओढत. त्याला गाडीत वर चढवताना त्याने बापाला अशा शिव्या दिल्या की चर्चमध्ये सांगायची सोय नव्हती. बार्लीचा निळा टाय चिखलाने भरला होता. मग फेस्टी दुसऱ्या बाजूने आत येऊन बसला आणि वेड्यासारखी किल्ली फिरवू लागला. टक्, टक्, टक्. त्याला रडू आलं. रडतच तो फिरवत राहिला.

"मी जात नाही," तो म्हणाला. "तुम्हाला सांगून ठेवतो. मी इथून हलत नाही."

"गाढवा, तू बुडशील."

"बुडेन."

बार्लीने मान वळवून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. बापाचा अर्धा चेहरा झटक्यापासून लोंबत होता, त्यामुळे तो रागावलाय की काय ते कळायचं नाही. पण त्या बघण्याने फेस्टीचा हात किल्लीवरच थांबला. पाण्याची एक पातळ जीभ दगडाला वळसा घालून पुढच्या चाकाला लागली आणि मागे गेली.

"किल्ली सोड," बार्ली म्हणाला. "बॅटरी मारशील. तुझ्याकडे चौदाचा पाना आहे?"

"आहे."

"आठचा?"

"असेल."

"असेल नाही. बघ. पक्कड आण, कुंपणाचे खिळे आण, आणि माझं दार उघडं ठेव, म्हणजे ऐकू येईल. आधी बॅटरीची काळी तार काढ. तुला आज फक्त दोन हात आहेत, डोकं माझं आहे. मी सांगतो तेवढंच करायचं. कळलं?"

हा आवाज फेस्टीने फेब्रुवारीपासून ऐकला नव्हता. गॅरेजात लोक ज्याला टरकून असत तो हाच. त्याने काळी तार काढली आणि गाडीखाली पाठीवर सरकला. वाळू बर्फासारखी होती.

"स्टार्टरच्या पाठीला गोल डबी आहे. सापडली? तिला तीन बारके बोल्ट. आठचा पाना लाव. घाई करू नको, बोल्टचं डोकं घासलंस तर संपलं."

पहिला बोल्ट सुटला. दुसरा सुटला. तिसरा गंजलेला होता. फेस्टीच्या बोटांना आता पाना लागत नव्हता, नुसता दिसत होता.

"तिसरा निघत नाही."

"आधी आवळ. आवळून मग सोड. जरा हलला की येतो."

तो हलला आणि आला. फेस्टीने तिन्ही बोल्ट तोंडात धरले, खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती.

"आता झाकण काढ. आत दट्ट्या आहे, त्याच्यामागे स्प्रिंग. ती उडाली तर मी तुला वाचवू शकत नाही. टोपीत धर."

दट्ट्या टोपीत आला, स्प्रिंगसकट. फेस्टीने टॉर्च दातांत धरला, बोल्ट गालात सरकवले आणि डबीत बघितलं. आत समोरासमोर तांब्याच्या दोन पट्ट्या असतात, तेच कॉन्टॅक्ट. दट्ट्या दोन्हींवर एकदम बसतो आणि त्यांच्यातून स्टार्टरला वीज जाते. एक पट्टी जुनी पण धड होती. दुसरी मधोमध खाल्ली जाऊन नखाच्या चंद्रकोरीएवढी उरली होती, काळी पडलेली.

त्याने ते सांगितलं. पाणी आलं आणि फेस्टीच्या पाठीखालून गेलं. यावेळी ते मागे गेलं नाही.

"एका बाजूचा तांब्याचा तुकडा लागेल," बार्ली म्हणाला.

"तांबं कुठून आणू आता?" फेस्टी ओरडला. बोल्ट गालात असल्याने तो ओरडा फारसा झाला नाही. त्याला वाटलं, हे इथेच संपलं. सगळं बरोबर केलं आणि एका नाण्याएवढ्या तांब्यासाठी आपण दोघं बुडणार. चाळीस वर्षं बापाच्या गॅरेजात अशी तांब्याची पट्टी कपाटातल्या डब्यात पडलेली असायची. मार्चमध्ये जाऊन ती घ्यायची होती. अर्ध्या तासाचं काम होतं.

दारातून बापाचा उजवा हात खाली आला. हातात तांब्याचं कडं होतं. संधिवातासाठी त्या किनाऱ्यावरची निम्मी म्हातारी माणसं घालतात तसं, रुंद, साधं, पुढे तोंड उघडं. बार्लीने ते पंधरा वर्षं डाव्या मनगटातून काढलं नव्हतं. झटक्यानंतर नर्सने काढू का म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, या हातात आता जीव नाही, संधिवात तरी राहू दे.

"आईने दिलेलं आहे ते," फेस्टी म्हणाला.

"मग? तिला सांगू काय झालं ते. काप."

फेस्टी बाहेर आला. पाणी घोट्यापर्यंत होतं. त्याने पकडीने कड्याचं टोक कापलं, काटकोनात वाकवलं, मागच्या ओढायच्या हुकावर ठेवून खिळ्याने भोक पाडायला घेतलं. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. बार्ली आतून म्हणत होता, सरळ धर, सरळ, मारू नको, ठोक. तिसऱ्याने भोक पडलं. बोटही फुटलं, ते नंतर कळलं.

"आता ऐक. हेच खरं काम आहे," बार्ली म्हणाला. "दोन्ही पट्ट्या एका उंचीवर बसल्या पाहिजेत. एक केसभर वर राहिली तर दट्ट्या एकीवरच टेकेल आणि जन्मभर टक् करत बसशील. बोट फिरवून बघ. डोळ्याने नाही, बोटाने."

फेस्टी परत खाली गेला तेव्हा त्याला कान पाण्यात घालून झोपावं लागलं. आता बापाचं बोलणं त्याला घुमल्यासारखं, तुटक ऐकू येत होतं. त्याने जुनी चंद्रकोर काढून टाकली, कड्याचा तुकडा बसवला, नट आवळला, बोट फिरवलं. नवी बाजू वर होती. नट सोडला, तुकडा काढला, हातोडीच्या दांड्यावर दाबून पुन्हा वाकवला, परत बसवला. बोट फिरवलं. अजून किंचित वर. पाणी तोंडाच्या कोपऱ्याशी आलं आणि त्याने ते थुंकलं, एक बोल्ट त्याच्याबरोबर जाता जाता राहिला. त्याने तुकडा पुन्हा काढला. गावातला सगळ्यात आळशी मेकॅनिक म्हणून ज्याला बापाने विसाव्या वर्षी गॅरेजातून हाकललं होतं, तो फेस्टी त्या दिवशी पाण्यात पडून एकच पट्टी तीनदा वाकवत होता. चौथ्यांदा बोट फिरवलं तेव्हा दोन्ही बाजू सारख्या लागल्या.

दट्ट्या, स्प्रिंग, झाकण. तीन बोल्टांपैकी दोनच बसले, तिसरा पाण्यात पडला तो पडला. काळी तार लावली. तो गाडीत चढला तेव्हा त्याची बोटं इतकी बधिरली होती की किल्ली भोकात जाईना. बार्लीने उजव्या हाताने त्याचं मनगट धरून ती आत घातली.

"इंजिन गार पडलंय, किल्ली अर्धी फिरवून आधी तापव," बार्ली म्हणाला. "पंधरापर्यंत मोज. मग सेल्फ मार. एकदाच. आणि लागलं की थांबायचं नाही. गावाकडे नाही, तो चर आता तुझ्या डोक्यावर गेला असेल. बेटाकडे."

फेस्टीने मोजलं. पंधरा झाले. त्याने किल्ली फिरवली.

टक् आलाच नाही. स्टार्टर घरघरला, इंजिन दोनदा अडखळलं आणि लागलं. सगळी गाडी हादरायला लागली. फेस्टीने पहिला गियर टाकला, क्लच सोडला, चाकं फिरली आणि जागेवरच फिरत राहिली. तो मागे आला, पुढे गेला, मागे आला. बार्ली समोरचा डॅशबोर्ड घट्ट धरून बसला. तिसऱ्या खेपेला चाकांनी काहीतरी धरलं आणि गाडी निघाली. बेटाकडच्या चरात पाणी दारातून आत आलं, दोघांच्या बुटांवरून वाहिलं. फेस्टीने पाय ॲक्सिलरेटरवरून हलवला नाही. मग पुढचं चाक दगडी फरशीवर चढलं, मागचं चढलं, आणि त्यांच्या मागे पुळणीचा समुद्र झाला.

दफनभूमीचा रस्ता चढाचा आहे. फेस्टीने फाटकाशी गाडी वळवली आणि तोंड उताराकडे करून उभी करू लागला.

"सपाटीवर लाव," बार्ली म्हणाला.

फेस्टीने गाडी भिंतीलगतच्या सपाट हिरवळीवर नेली. इंजिन चालूच ठेवलं. काचेतून आईच्या थडग्याच्या दगडाचा वरचा भाग दिसत होता.

"एक खोटं त्या डबीत होतं, ते निघालं," बार्ली म्हणाला. "आता दुसरं काढ."

"दुसरं कुठलं?"

"पंधरा दिवसांचं."

फेस्टीने काचेवरची वाफ बाहीने पुसली. मग म्हणाला, "पंधरा दिवस नाहीत, बाबा. कायमचं आहे."

"ठाऊक आहे. बॅगेत काळा सूट घातलास माझा. तुला वाटलं मी झोपलोय. पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्याला पायजमे पुरतात."

फेस्टीने चेहरा दोन्ही हातांत घेतला. बार्लीने त्याला तसंच राहू दिलं.

"आता माझं ऐक," तो म्हणाला. "तुझा तो टक् मी मार्चपासून ऐकतोय. रोज सकाळी. आधी टक्, मग तुझी शिवी, मग चाकं घरंगळल्याचा आवाज. माझी खिडकी अंगणात आहे."

हे डोक्यात शिरायला फेस्टीला थोडा वेळ लागला. मग त्याने मान वर केली. "म्हणजे दगडापाशी तुम्ही किल्ली फिरवलीत तेव्हा..."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं, लागणार नाही म्हणून."

"हो. मला त्या सिस्टरांकडे मरायचं नव्हतं. तिथे तिच्या जवळ होतो, टाय घातला होता. वाटलं, बरं आहे."

"आणि मी?"

"तू चालत जाशील असं वाटलं. कुणीही गेला असता." बार्लीचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तू गाडीत येऊन बसलास आणि दार लावलंस. मग काय करणार होतो मी?"

फेस्टीला इतका राग आला की त्याने स्टिअरिंगवर मूठ मारली, फुटलेल्या बोटाचीच. "तुम्ही गाढव आहात, बाबा."

"आहे."

"मला तुम्हाला उचलता येत नाही. तेवढंच आहे. दुसरं काही नाही. मला तुम्ही नकोसे झालेले नाहीत."

"चाळीस पावलं उचललंस. मी मोजली."

"एकेचाळीस," फेस्टी म्हणाला आणि बाहीने नाक पुसलं.

मधली ओहोटी मध्यरात्रीच्या अंधारात होती, त्यामुळे आता उद्या दुपारच्या ओहोटीशिवाय परतायचं नव्हतं. फाटकाजवळ प्रार्थनेची जुनी खोली होती, तिच्यात चूल होती, आणि मागच्या सीटखाली मेंढरांसाठी आणलेली दोन घोंगडी निम्मी तरी कोरडी होती. सकाळी दहाला नर्स येऊन रिकामं घर बघेल, शिव्या घालेल आणि दुपारी परत येईल. बार्लीला जायचंच होतं आणि ते आता दोघांनाही ठाऊक होतं.

"बंद कर ते," बार्ली म्हणाला. "दगडापाशी प्रार्थना अर्धी राहिली."

फेस्टीचा हात किल्लीपर्यंत गेला आणि थांबला. गाडी सपाटीवर होती. बार्लीने आपला उजवा हात त्याच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं आणि पाण्याचा आवाज आला. दोघांनी 'नमो मारिये' पूर्ण म्हटलं, शिबेलसाठी एकदा आणि बुडालेल्यांसाठी एकदा. बार्लीचा डावा हात मांडीवर पडला होता. मनगटावर कड्याच्या जागी हिरवा पट्टा होता.

"आता लाव," बार्ली म्हणाला.

फेस्टीने किल्ली फिरवली. पहिल्या फिरवण्यात लागली.

बार्लीने डोळे मिटून ते इंजिन थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाला, "सिस्टरांकडे मला अंगणाकडची खोली माग. दर रविवारी गाडी खिडकीखाली लावायची, सपाटीवर, आणि निघताना सेल्फ मारायचा. मी ऐकत असतो, फेस्टी. ते आता तुला माहीत आहे."